मी फक्त 'आत्ता' दाबलं!

नाही, पण मला एक सांगा, मग विचारायचंच कशाला? 'अपडेट तयार आहे, आत्ता करू की नंतर?' असं गोड बोलून विचारायचं आणि माणसानं सरळ उत्तर दिलं की त्याच्याच मानगुटीवर बसायचं... ही कुठली रीत? तुम्हाला सांगतो, मी काय केलं? काही म्हणजे काहीही केलं नाही. मी फक्त 'आत्ता' दाबलं हो!

हसू नका. तुम्हीही दाबलं असतंत. आणि माझा तर स्वभावच तसला. सत्तावीस वर्षं आवक-जावक विभागात बसतोय मी. कागद आला, शिक्का, नोंद, पुढे! 'प्रलंबित' हा शब्द नुसता दिसला तरी मला खाज सुटते. आणि आमच्या हिच्या लॅपटॉपवर ती चौकट रोज यायची, आणि ही रोज 'नंतर' दाबायची. तीन महिने! मी मागून बघायचो आणि आतल्या आत तडफडायचो. त्या दिवशी ही न्हायला गेली, लॅपटॉप उघडा, चौकट समोर आणि खोलीत मी एकटा. म्हटलं, आज हिची मुलाखत, सगळं कसं नवंकोरं असावं, बायकोला तेवढाच आपला हातभार... झालं. हात दाखवून अवलक्षण!

मुलाखतीचं सांगायला हवं. आमची ही पूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासायची. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर हिला झोप यायची नाही. नऊ वर्षांपूर्वी माझ्या आईनं अंथरूण धरलं, घरात माणूस हवं, तर मी आपला डोकं धरून बसलो. ही म्हणाली, "असू दे. मी सोडते काम." बस्स, एवढंच. आदळआपट नाही, रडणं नाही. 'असू दे'! अहो, बायको ओरडली ना, तर माणूस निदान दार लावून बसू शकतो. 'असू दे'ला काय करणार?

आणि आता, आई गेल्यावर, नऊ वर्षांनी शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीनं हिला बोलावलं. घरून काम, पुस्तकं तपासायची. अकरा वाजता पडद्यावर मुलाखत, आणि त्यांच्यासमोरच एक पान तपासून दाखवायचं. पत्रात जाड अक्षरात लिहिलेलं, 'मोबाइल चालणार नाही.' पंधरा दिवस ही आरशासमोर उत्तरं पाठ करत होती. मी प्रश्न विचारायचो, ही उत्तरं द्यायची. मी तिला तीनदा नापास केलं, गंमत म्हणून. आता ती गंमत आठवली की घाम फुटतो.

तर अपडेट सुरू झालं नऊ पन्नासला. चाळीस टक्के... चाळीस टक्के... अहो, किती वेळ चाळीस? बंद पडलं, परत चालू झालं, परत बंद... दहा वाजून बारा मिनिटं झाली तेव्हा एकदाचं उघडलं. आणि कोपऱ्यातलं ते पंख्यासारखं चिन्ह, नेटचं... गायब! त्याच्या जागी पृथ्वीचा गोळा आणि त्यावर काट. म्हणजे जगाशी संबंध संपला, असं सरळ चित्र काढून दाखवतात हो!

मी घाबरलो. कशाला लपवू? पाचावर धारण बसली माझी. भिंतीवरचा तो नेटचा डबा बंद केला, चालू केला. दिवे सगळे हिरवेगार. माझ्या फोनला नेट धो धो! म्हणजे नेट घरात आहे, टेबलापर्यंत आहे, फक्त ह्या महाराजांना दिसत नाही. मग त्याच्यातच एक दुरुस्तीवाला असतो, त्याला हाक मारली. तो म्हणतो, 'समस्या शोधत आहे.' शोध बाबा. 'समस्या शोधत आहे.' शोध रे राजा. 'समस्या सापडली नाही. अधिक मदतीसाठी कृपया इंटरनेटला जोडा.'

वाचलंत? इंटरनेट येत नाही म्हणून मदत मागितली, तर मदतीसाठी इंटरनेट आणा! आमच्या ऑफिसातसुद्धा इतकं कुणी निर्लज्जपणे फिरवत नाही.

तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज, "अहो, लॅपटॉप चालू करून ठेवा हो जरा!"

"हो हो, चालूच आहे!" म्हटलं. खोटं नव्हतं. चालू होताच की!

मग लावला फोन हिच्या भावाला. तो कंप्युटरमधला मोठा माणूस. उचलला आणि कुजबुजायलाच लागला, "भाऊजी, मीटिंगमध्ये आहे... हळू..." मीही कुजबुजलो, कारण माझी मीटिंग बाथरूममधून बाहेर यायच्या बेतात! अशी आमची दोघांची चोरांसारखी खुसफुस. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काय दाबलंत तुम्ही?"

"अरे, मी फक्त 'आत्ता' दाबलं रे!"

"ताईच्या मुलाखतीच्या दिवशी?" असं म्हणून त्यानं कपाळावर हात मारलेला मला फोनवर ऐकू आला. मग इथे जा, तिथे उजवीकडे दाबा, पिवळा त्रिकोण दिसतोय का? दिसतोय. ड्रायव्हर उडालाय भाऊजी. आता ड्रायव्हर म्हणजे गाडीवरचा नव्हे, नेट पकडणारा आतला प्रोग्राम, एवढं मलाही कळतं. जुना परत आणायचं बटण दाबा. दाबतोय, पण ते पुसट आहे, दबत नाही. "मग नवा उतरवून घ्या, सोप्पंय."

"कुठून?"

"नेटवरून."

मग तो म्हणाला, "भाऊजी... सॉरी."

मागे वळलो तर ही दारात उभी! ठेवणीतले कपडे, केस नीट बांधलेले, हातात उत्तरांचा कागद. घड्याळात दहा पस्तीस. मी सांगितलं. म्हणजे काय सांगितलं देव जाणे, बोबडी वळलेली. तिनं पडद्याकडे पाहिलं, त्या काट मारलेल्या गोळ्याकडे पाहिलं. कागदाची घडी केली. एकदा. दोनदा. आणि तोंड उघडलं, "असू..."

"नाही!" मी एवढ्यानं ओरडलो की फोनवर मेव्हणा दचकला. "असू दे म्हणायचं नाही! मला शिव्या घाल, तो लॅपटॉप डोक्यात घाल, पण असू दे म्हणू नकोस!" आणि तसाच अनवाणी जिना उतरून पळालो.

कुठे? मलाही ठाऊक नव्हतं! पण खाली वायरवाले काका राहतात. टेलिफोन खात्यात खांबावर चढून जन्म काढलेला माणूस. दार उघडलं तर तोंडात दाढीचा फेस. "काका, नेट गेलं!" ते म्हणाले, "सगळीकडचं?" म्हटलं, "नाही, फक्त हिच्या लॅपटॉपचं, हवेतून येत नाही!"

"हवेतून येत नाही ना? मग तारेतून आणा! फोनला चार्जिंगची तार आहे का? ती लावा लॅपटॉपला. फोनमध्ये एक बटण असतं, नेट वाटून द्यायचं. आमची सून प्रवासात तेच करते."

आणि हे मीटिंगमधल्या मोठ्या माणसाला सुचलं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा!

वर आलो, तार लावली, ते बटण दाबलं... आलं! नेट आलं! हिचा चेहरा असा उजळला आणि... गेलं. परत आलं. परत गेलं. का? तर तार! तीन महिन्यांपूर्वी हिनं सांगितलं होतं, "अहो, ही तार ढिली झालीय, नवी आणा." आणि मी काय म्हणालो होतो? 'नंतर'! सत्तावीस वर्षांत एकच काम प्रलंबित ठेवलं हो मी!

तारेची पिन अंगठ्यानं वरच्या बाजूला दाबून धरली तरच नेट टिकायचं. आणि मी समोर उभा राहिलो तर त्यांना दिसणार. म्हणून अकराला दोन मिनिटं कमी असताना मी टेबलाखाली शिरलो. हात तेवढा वर, अंगठा पिनेवर. चाळीस मिनिटं! अंगठा आधी दुखला, मग बधिर झाला, मग माझा राहिलाच नाही. माझ्या नाकासमोर हिची पावलं. थरथरत होती. आवाज अगदी स्थिर, एकेक उत्तर खणखणीत, आणि पावलं अशी लटलट... मला वाटलं, हे पाऊल धरावं. पण दुसरा हात टेकून तर मी बसलो होतो. आणि शिंक! मला शिंक यायला लागली! देव पाण्यात घातले, पण शिंक येऊ दिली नाही.

शेवटी वरून मुलाखत घेणाऱ्या बाईंचा आवाज आला, "घरून काम करताना घरातल्यांचा काही अडथळा?"

"एक आहे," ही म्हणाली. "पण सध्या टेबलाखाली आहे."

खो खो हसल्या हो त्या! आणि हिची पावलं थांबली थरथरायची.

दुसऱ्या दिवशी परत चौकट आली, 'वायरलेसची अडचण दूर करणारं अपडेट तयार आहे.' म्हणजे त्यांचीच चूक! हिनं दाबलं, पंख्याचं चिन्ह हजर. मला मात्र तेव्हापासून त्या टेबलापासून चार हात लांब उभं राहायचा हुकूम आहे.

आठ दिवसांनी पत्र आलं. नेमणूक! हिनं दोनदा वाचलं, त्यातली एक चूक काढली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, सकाळी आठपासून मी कामावर. तुमचा डबा, दोघांचा स्वयंपाक आता तुमच्याकडे. शिकायला कधी सुरुवात करताय?"

मी वाट बघितली. म्हटलं, ही पुढे 'आत्ता की नंतर' असं विचारेल. नाही विचारलं. नुसती बघत राहिली.

तेव्हापासून रोज पहाटे कांदा चिरतोय, डोळे हे असे... आणि कुणाला सांगायची सोय नाही, कारण तुम्हाला सांगतो, मी स्वतःच... मी फक्त 'आत्ता' म्हटलं हो!