ही गादी विकायची नाही

नाही हो, ही विकायची नाही. बाजूची घ्या, भिंतीला लावलेल्यांतली कुठलीही घ्या, ही एक सोडून... सकाळपासून येईल ते गिऱ्हाईक हिच्यावरच हात फिरवतंय, 'काय मऊ आहे हो', असणारच मऊ, निवडक कापूस आहे, सासूबाईंनी स्वतः बसून कचरा वेचून काढलाय, ज्या बाईनं पोटच्या मुलीला दिलेल्या गादीतसुद्धा जुना कापूस परत पिंजून भरला होता, तिनं. आणि खोळ मी शिवतेय, सातवा महिना लागलाय, पोट मांडीवर येऊन बसलंय, सुई त्याला वळसा घालून न्यावी लागते, मग टाका वाकडा जातो, मग सासूबाई चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, 'उसव.' एवढे लाड कुणाचे म्हणून विचारता? सांगते. बसा. गादी घ्यायला आलेल्या माणसाला कसली आलीय घाई.

तर परवा नणंद आली होती. दुसऱ्यांदा दिवस गेलेत कळलं की माणसं येतात, आणि येऊन पहिल्या वेळच्या गोष्टी सांगतात, त्याही मलाच. 'वहिनी, तुझं पहिलं बाळंतपण म्हणजे बाई नको ती आठवण, दादा धाडकन आपटला, कपाळ फुटलं, केवढं ते रक्त.' शेजारीणकाकू लगेच, 'अगं, दवाखान्याच्या दारापर्यंत ओघळ गेला होता.' त्या तेव्हा गावातसुद्धा नव्हत्या. आणि आमचे हे, ते तर अनोळखी गिऱ्हाइकालासुद्धा केस बाजूला सारून खूण दाखवतात, 'ही आमची मुलगी झाली तेव्हाची.' गिऱ्हाईक हळहळतं, 'अरेरे, फार सोसलंत.' आणि हे मान खाली घालतात, सोसल्यासारखी... मला विचारा ना कुणीतरी. मी तिथं होते की.

पण मला कोण विचारतंय. दवाखाना एवढासा, डॉक्टरीणबाई एक, नर्स एक, फरशी पुसणाऱ्या मावशी एक. भर दुपार. नर्स काहीतरी आणायला बाहेर निघाली, दार उघडलं, आणि आमच्या ह्यांनी काळजीपोटी आत डोकावून बघितलं. बस्स. धप्प. लाकडाचा ओंडका पडावा तसा आवाज, त्यामागून नणंदेची किंकाळी, 'दादा मेला', आणि आतली तिन्ही माणसं बाहेर. नर्स जाता जाता मला म्हणते, 'तुम्ही जरा थांबा हं.' मी म्हटलं, अहो, मी थांबते, ते थांबत नाहीये.

राग आला का? खरं सांगते, तेव्हा नाही आला. दुकानात बसणारी बाई मी, आमच्याकडे रीतच आहे, नवं गिऱ्हाईक पायरीवर दिसलं की आधी त्याच्याकडे धावायचं, आत गादीवर टेकलेलं काही लगेच उठून जात नाही. मी टेकलेलं गिऱ्हाईक होते. उठून जाणार कुठं?

आणि ती आली, आमची ढमी, आली आणि रडलीच नाही. बाहेर आरडाओरडा, 'पाणी मारा, पाय वर करा, पाय वर करा', मला वाटलं मलाच सांगतायत... आत पंखा कुरकुरत होता, आणि ती गप्प. मी हात खाली नेत होते, पोचत नव्हता. हाक मारली. काय मारली कुणास ठाऊक, 'अहो' म्हटलं असेन, सवयीनं, आणि 'अहो' तर बाहेर जमिनीवर. किती वेळ गेला? मला सांगता येत नाही, आणि दुसऱ्या कुणालाही यायचं नाही, कारण बघायला कुणी नव्हतं. मी तिथं होते. मी एकटीच होते.

मग नर्स आली, उचललं, उलटं धरलं, पाठीवर चापटी मारली, आणि ढमी रडली. झालं. 'सुखरूप सुटली', घरोघरी निरोप गेले. संध्याकाळी माणसं भेटायला आली ती आधी बाकावर डोक्याला पट्टी बांधून बसलेल्या बापाला भेटली, 'आता कसं वाटतंय?'

बाळाचं तोंड बघितलं की बाई सगळं विसरते म्हणतात. विसरत असतील बायका. मी अजून ढमी झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बघते. चार वर्षांची आहे, चांगली घोरते, तरी धरते.

आणि आता हे दुसरं... ह्यांना म्हटलं, 'ह्या वेळी तुम्ही दुकानातच थांबाल का?' 'छे, मी बाप आहे, मला तिथं असायलाच हवं.' 'पडाल.' 'नाही पडत, मी मन घट्ट केलंय.' एवढं म्हणतायत तोवर माझ्या बोटात सुई गेली, थेंबभर रक्त आलं, आणि मन घट्ट केलेला माणूस भिंत धरून खाली बसला. पाणी कुणी दिलं? मीच, दुसऱ्या हातानं.

शेवटी एकदा सासूबाईंजवळ बोलले. त्या कापूस निवडत होत्या. म्हटलं, 'आई, भीती वाटते हो. कळांची नाही. सगळे परत बाहेर जातील त्याची.' आणि सगळं सांगून टाकलं, पंखा, हात, ते न रडणं. त्यांचा हात थांबला. तो हात मी कधी थांबलेला बघितला नव्हता, मामंजी गेले तेव्हाही नाही.

'एवढी वर्षं बोलली नाहीस ती?'

'विचारलं नाही कुणी.'

मग म्हणाल्या, 'ह्याचा बापही पडला होता. ह्याच्याच वेळी. जिन्यावरून. सगळे खाली धावले.'

'आणि तुम्ही?'

'मी वर.'

एवढंच. तुम्हाला सांगते, लग्न होऊन आल्यापासून ह्या घरात मामंजी जिन्यावरून गडगडल्याची गोष्ट ऐकतेय, पोट धरून हसतेय, आणि मला एकदाही सुचलं नाही की विचारावं, आई, तेव्हा तुम्ही कुठं होतात?

मग त्यांनी कापूस पुढं ओढला. 'पडणारा पडतोच, ते काही थांबत नाही. आपण त्याची पडायची सोय करायची. मऊ गादी शिव. दाराबाहेर घालू. पडला की पडू दे, लागणार तर नाही. आणि उंबऱ्यात मी बसते, आतलं एक जरी माणूस बाहेर आलं ना, तर गाठ माझ्याशी आहे.'

आता कळलं कुणासाठी? मी आत रेक्झिनच्या पातळ गादीवर, लोखंडी खाटेवर. ही बाहेर, ह्यांच्यासाठी. चालेल. दाराशी कुणी बसणार असेल तर मी दगडावरसुद्धा झोपेन.

ह्यांना जेवताना सांगितलं. गादीचं सांगितलं, आणि गादीचं का, तेही सगळं सांगितलं, पहिल्यापासून. घास हातातच राहिला त्यांचा. कपाळावरची खूण चोळत बसले. किती वेळ. मला वाटलं, आता विचारतील. इतक्या वर्षांनी का होईना, आता विचारतील...

विचारलं.

'बरोबर उशीही करशील का गं एक? मान फार अवघडते.'

म्हणून म्हणते, ही विकायची नाही. आणि ती कोपऱ्यातली उशी उचललीत ना, तीही ठेवा खाली.