सरदार बोकड अन् दोन साखळ्या

पोलीस ठाणे, गंगाखेड
फिर्यादीचा जबाब

मी कासाबाई भ्र. दत्तराव सोन्नर, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा शेळ्या पाळणे, शिक्षण चौथी, रा. चिंचदरा, ता. जिंतूर, जि. परभणी. समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, दत्तराव वारले त्याला लय वर्षं झाली, पण नाव सांगायचं म्हणलं की कागदावर माझ्यासंगं तेच हजर होतेत. जमादार आश्रुबा यांनी ‘मयत’ लिहू का म्हणून इचारलं. म्या म्हणलं, लिव्हा, त्यांची हरकत येणार न्हाई. मी जसं बोलायले तसंच लिहून घ्या, असंबी म्या जमादारांना सांगितलं हाय.

माझ्या घरी शेळ्या हायेत अन् बोकड एक. नाव सरदार, जात उस्मानाबादी, रंग काळा, डाव्या कानावर पांढरा ठिपका. सरदारची आई आमच्या मालकांनी बोरीच्या बाजारातून खांद्यावर घालून आणली होती. त्यानंतर ते बाजारला गेले न्हाईत. त्याबद्दल जास्त सांगायचं न्हाई.

आमच्या गावात शेळ्यावाल्या बायांचा गट हाय. अध्यक्ष सरजाबाई. गटातल्या सगळ्या शेळ्यांना सरदारच दावतेत. होणाऱ्या करडाची नोंद आई-बापाच्या नावासकट होती, म्हणून गिऱ्हाईक दुरून येतं. सरदारची नोंद खोटी ठरली तर गटातलं एकूणएक करडू बिनबापाचं ठरतं. म्हणून मी इथं आले. मला मपला बोकड पाहिजे अन् आमची नोंद खरी हाय हे चारचौघांत लिहून पाहिजे.

ही नोंद कुठं असती, असं इचारल्यावरून सांगते की, ती ब्लॉकचेनमधी असती. आमी साखळी म्हणतो. एका कपाटात ठेवलेलं रजिस्टर न्हवं ते. नोंद गटातल्या समद्या बायांच्या फोनात एकदमच चढती. एकीनं गुपचूप बदलाय गेलं तर बाकीच्यांची नोंद तिला खोटं पाडती. आमच्या गावात एकीचं गुपित दुसरीला तसंबी कळतंच, हे त्याचंच यंत्र झालं.

गंगाखेडच्या शेळी उत्पादक कंपनीची साखळी अलग. तिची बोली अलग. आमच्या साखळीचं तिला कळत न्हाई, तिचं आमच्या साखळीला कळत न्हाई. एखादं जनावर हिकडून तिकडं विकलं तर त्याची नोंद नेणारा मधला माणूस एकच, नाव हरिओम, वय पस्तीसच्या आसपास, जिंतूरला त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान हाय. गंगाखेडच्या साखळीत नोंद घालायची चावी त्याच्याजवळ. तो म्हणायचा, “जिंतूरहून सुटलं, म्या बघितलं,” की तिकडची साखळी मान डोलवायची. खरंच सुटलं का, हे तिला आपल्या डोळ्यानं बघता येत नव्हतं.

मागल्या श्रावणात मी धुणं घेऊन ओढ्याला गेलते. परत आले तर दावं होतं, सरदार नव्हता. कुणी नेला ते म्या बघितलं न्हाई, म्हणून नाव घेत न्हाई. त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. पुढं दिवाळीनंतर कळालं की गंगाखेडला धम्मानंद म्हणून शेळीवाले हायेत, त्यांच्या दारात ठिपक्याच्या कानाचा बोकड आलाय. मी जाऊन बघितला. सरदारच. त्यानं मला ओळखलं न्हाई. मक्याचा चारा खायलता, मान वर केली, पुन्हा खायला लागला. पुरुषाची जात.

धम्मानंदभाऊ भले माणूस. त्यांनी मला चहा दिला अन् फोनातली नोंद दावली. “मावशी, मी तर नोंद बघूनच घेतला. ही बघा आई, हा बाप, हे खाली ‘जिंतूरच्या साखळीतून सुटला’. हरिओमभाऊंनी नोंद घातली.” आई-बाप समदे बरोबर. म्हणजे चोरानं बोकड नेला, पण बोकडाचं कूळ मागं सोडता आलं न्हाई. कूळ न्हाई दावलं तर त्याला खाटकाचा भाव, कूळ दावलं तर सरदार. म्या माझा फोन काढला. त्यात सरदार अजून माझ्याच नावावर, सुटल्याची नोंदच न्हाई. एक बोकड अन् दोन्ही साखळ्यांत जिवंत.

मी हरिओमच्या दुकानात गेले. आमचं बोलणं असं झालं.

“मावशी, तुमच्या साखळीत तुमचं नाव हाय न्हवं? मग काहून फिकर करायल्या? तुमचा बोकड सुखरूप हाय.”

“अन् धम्मानंदाच्या दारात हाय तो?”

“ती अलग सिस्टीम हाय. तिच्यात तो त्यांचा. दोन्ही नोंदी आपल्या-आपल्या जागी खऱ्या. तुमाला न्हाई कळायचं.”

“बरं बाबा. मग माझ्या फोनातल्या सरदाराला म्हण, खाली उतर. गटातल्या शेळ्या वाट बघायल्यात.”

दुकानातली माणसं हसली. तो हसला न्हाई.

त्याच वेळी ठाण्यात का आला न्हाई, असं इचारल्यावरून सांगते की, माझ्या हातात माझी नोंद, त्यांच्या हातात त्यांची. त्यातली खरी कुठली हे सांगणारा गवाह एकच, तो हरिओम. चोराला पंच करून मी काय करू?

आमच्या गटाचं फोनातलं काम निकिता नावाची पोरगी बघती. ती पूर्ण्याची, बाप रेल्वेत. तिला समदं सांगितलं तर ती चिडली न्हाई, खुश झाली. म्हणली, “मावशी, पूर्ण्याला आधी छोटी लाइन होती अन् मोठी लाइन होती. एकीचा डबा दुसरीवर चालायचा न्हाई. माल उतरवायचा, हमालानं पलीकडं टाकायचा. माझे आजोबा तेच काम करायचे, एक पोतं इकडचं तिकडं केलं न्हाई. पण समदे हमाल आजोबा नसतेत. रुळाचं माप एक केलं की माल उतरवायची गरजच न्हाई.” तिनं सांगितलं की साखळ्या-साखळ्यांसाठीबी असं माप निघालंय. ते उघडं हाय, कुणा एकाच्या मालकीचं न्हाई, कुणीबी वाचावं, कुणीबी वापरावं.

गंगाखेडच्या कंपनीला आमी इचारलं. ते आधी म्हणले, तुमची साखळी सोडा अन् आमच्यात या. सरजाबाईनं सांगितलं, “सोयरीक करू, चूल एक करणार न्हाई.” मग ठरलं. दोघांच्या साखळ्या दोघांजवळ, नियम दोघांचे आपले-आपले, फक्त एकमेकीशी बोलायची रीत एक. हरिओम बैठकीला होता. तो लय बोलला. मधी जाणता माणूस पाहिजे म्हणला, बायांचं नुकसान होईल म्हणला. म्या म्हणलं, “बाळा, आमच्या नुकसानीची तुला इतकी काळजी, तुझ्या आईला दृष्ट काढायला सांगते.”

ही रीत काय, असं ठाण्याच्या साहेबांनी इचारल्यावरून सांगते की, पोरीचं लग्न झाल्यावर माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याबिगर सासरच्या कार्डात नाव चढत न्हाई. हे तसंच. जनावर आधी इकडं सुटल्याची पक्की नोंद होणार, त्याला मालकिणीचा अंगठा लागणार, अन् मगच ते तिकडं चढणार. फरक इतकाच की दाखला आणणारा माणूस न्हाई. सासरचं कार्ड स्वतःच माहेरच्या कार्डाला इचारतं अन् शिक्का खरा का बनावट ते आपल्या आपण तपासतं. मधी कुणाच्या जबानीवर इसंबून ऱ्हायचं न्हाई. अन् आणखीन एक. तिकडं नवं जनावर चढवायच्याच वेळेला न्हाई, जुन्या जनावराच्या कानातला नोंदीचा बिल्ला कवाबी स्कॅन केला तरी ही विचारपूस होती. हा नियम बाकीच्या नियमांसंगं सगळ्यांना पाठवला होता, मराठीत. वाचायला हरिओमला कुणी अडवलं नव्हतं. मी त्याला मुद्दाम सांगितलं न्हाई, हे खरं हाय. इचारलं असतं तर सांगितलं असतं.

आज सकाळी साडेदहाच्या सुमारास कंपनीच्या शेडात दोन्ही साखळ्या जोडायचा कार्यक्रम होता. पाहुणा म्हणून हरिओमला बोलवा, असं म्याच सुचवलं. इतकी वर्षं त्यानं नोंदी नेल्या, त्याचा मान त्याला मिळावा. त्याला टॉवेल-टोपी म्या माझ्या हातानं घातली. नारळ दिला. फोटो काढले. मग म्हणलं, पहिला बिल्ला पाहुण्याच्याच हातानं स्कॅन होऊ द्या. धम्मानंदभाऊ आपला देखणा बोकड म्हणून सरदारला घेऊन आले.

हरिओम म्हणला, “दुसरी एखादी शेळी घेऊ.”

म्या म्हणलं, “काहून रे? इतकी माणसं जमलीत, अन् तू शेळीवर भागवतो?”

माणसं टाळ्या वाजवायला लागली. डोक्यावर टोपी असल्यावर माणसाला मागं सरता येत न्हाई. त्यानं फोन बिल्ल्यावर धरला. आमच्या गटातल्या कैक जणींना वाचता येत न्हाई, म्हणून निकितानं फोनाला बोलायला लावलंय. फोन मोठ्यानं बोलला, “हा बोकड जिंतूरच्या साखळीतून सुटलेला नाही. मालक, कासाबाई दत्तराव सोन्नर.”

हरिओम म्हणला, नेटवर्क न्हाई. निकिता म्हणली, “दुसऱ्या कुणाच्याबी फोननं बघा.” कंपनीच्या माणसानं त्याच्या फोननं बघितलं, धम्मानंदभाऊंनी त्यांच्या. फोन गंगाखेडचा असू द्या का जिंतूरचा, एकच बोलला. त्यानंतर सरजाबाईनं आठ-दहा वेळा स्कॅन केलं. गरज नव्हती. तिला ऐकायला गोड वाटायलं होतं. माझं नाव मालकांच्या नावासकट इतक्या माणसांत इतक्या मोठ्यानं कुणी घेतलं न्हवतं. मला थोडा वेळ काही दिसलं न्हाई. शेडात धूळ लय होती.

तुमी बायांनी हरिओमला अडवून ठेवलं का, असं इचारल्यावरून सांगते की, न्हाई. त्याच्या मोटरसायकलच्या पुढं सरजाबाई बसली होती. तिचे गुडघे दुखायलेत. जागा सावलीची होती. बाकीच्या तिला सोबत म्हणून बसल्या. हरिओमनं, “मावशी, उठा, मला काम हाय,” असं म्हणल्यावर सरजाबाई म्हणली, “उठते की, हात दे.” त्यानं हात दिला न्हाई. तवर कंपनीच्या माणसानं फोन करून बोलावलेली तुमची गाडी आली.

हरिओमनं माझ्यासमक्ष जे सांगितलं ते असं: बोकड मला एका जणानं आणून दिला, म्या फक्त नोंद घातली. सुटला नसताना सुटला म्हणून का घातली, अन् आणून देणारा कोण ते तुमी त्याला इचारा. त्यानं घातलेली खोटी नोंद खोडायची का, असं कंपनीच्या माणसानं इचारलं तर निकिता म्हणली, साखळीतलं काही खोडता येत न्हाई. तिच्याखाली ‘ही नोंद खोटी’ असं चढवलंय, घालणाऱ्याच्या नावासकट. आता दोन्ही साखळ्यांत ते कायमचं दिसणार. दुसऱ्या तालुक्याची साखळी उद्या ह्याच रितीनं जोडली तर तिलाबी दिसणार. हरिओमला नाव मोठं करायचं होतं, ते झालं.

धम्मानंदभाऊंवर माझी काही तक्रार न्हाई. त्यांनी नोंदीवर भरवसा ठेवला, चूक केली न्हाई. त्यांनी ठाण्यात येऊन आपल्या खुशीनं लिहून दिलंय की बोकड कासाबाईचा हाय, ज्याचा त्याला द्यावा. त्यांच्या तोंडाकडं बघून मला राहवलं न्हाई. सरदारचं एक पाटीचं, म्हणजे मादी करडू, बापावाणी काळं, माझ्या घरी हाय. ते म्या त्यांना दिलं. साहेबांची परवानगी घेऊन इथंच बाकावर बसून फोनावर अंगठा ठेवला. माझा फोन बोलला, “सुटलं.” तिकडून धम्मानंदभाऊंच्या खिशातला फोन बोलला, “आलं.” दोन्हीच्या मधी कुणी नव्हतं. जिंतूरहून गंगाखेडला असं सरळ गेलेलं हे पहिलं जनावर. ठाण्यातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. हे लिहायला जमादार तयार नव्हते. म्या म्हणलं, घडलं ते लिव्हा, न्हाई तर तुमच्या नोंदीचाबी भरवसा उरणार न्हाई.

सरदारला सुपूर्दनाम्यावर माझ्या ताब्यात दिलंय, ते मला मंजूर हाय. कोर्टात बोलावलं तर मी बोकडासकट हजर होईन.

वरचा जबाब जमादार आश्रुबा यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवला. वाचताना ते दोन जागी हसले, ते सोडून सगळं माझ्या सांगण्याबरहुकूम हाय. त्यांनी शाईचा पॅड पुढं केला, पण मला सही येती, म्हणून सही करते. बाहेर सरदारनं साहेबांच्या कुंडीतला पाला खाल्लाय असं आत्ता कळालं. तो बोकड माझाच हाय, नुकसान मी भरून देईन.

सही
कासाबाई दत्तराव सोन्नर