माकडाचा मान

तुम्ही माझ्या लग्नाला नव्हता, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही. मी हरसूलच्या शाळेत विज्ञान शिकवते. उत्क्रांतीचा धडा मुलांच्या डोक्यात शिरेना, म्हणून मी वरातीच्या चालीवर त्याचं गाणं केलं. ते एवढं गाजलं की आठवडे बाजारात भाजीवाल्या मावश्याही गुणगुणायला लागल्या.

आमची हळद दोन्हीकडची एकत्र होती. माझ्या वर्गातल्या पोरींनी माइक घेतला आणि तेच गाणं धरलं, 'माकड आणि माणूस, एका आजीची नातवंडं'. सगळे नाचत होते, तेवढ्यात नवऱ्याच्या नांदगावच्या आत्याबाई उठल्या. त्यांनी हात वर केला आणि डीजे बंद झाला.

"सूनबाई, माकडं आपल्या भावकीत हायेत का?"

आई मागून खुणावत होती, नाही म्हण. पण समोर माझा अख्खा वर्ग बसलेला. मी म्हटलं, "हो आत्याबाई. लांबची, पण आहेत."

"मग त्यांना आमंत्रण का नाय दिलं?" असं म्हणून त्या तडक खोलीत निघून गेल्या. आई रात्रभर मलाच बोल लावत होती.

दुसऱ्या दिवशी मानपान सुरू झालं. आत्याबाईंच्या हातात मानाचा नारळ ठेवला, तोच मांडवावरून एक माकड उतरलं आणि नारळ घेऊन पळालं. माझे काका काठी घेऊन धावले. आत्याबाईंनी त्यांना अडवलं.

"राहू द्या. आमंत्रण नसताना आलाय बिचारा, त्याचा मान त्याला नेऊ द्या. आन लावा ते कालचं गाणं."