निरोपाची सोय नाही

घेते ना श्वास, मॅडम, घेते — चार आकडे आत, चार बाहेर, कळलं. सुट्ट्या तोंडावर आल्या की सगळ्या जगाची पार्सलं एकदमच हरवतात, आणि आम्ही कॉल सेंटरच्या पोरी — कानाला हेडफोन, मोबाइल बाहेर कपाटात कुलूपबंद — दिवसाला शंभर-शंभर जणांच्या शिव्या खातो. गोड बोलून. मला तर इथे ‘साखर’च म्हणतात. रजा सगळ्या बंद, पण ताण घालवायला तुम्हाला बोलावलंय, माणशी दहा मिनिटं — आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. तुम्हाला नाही हो म्हणत. डोळे? ते स्क्रीनमुळे. नाही — स्क्रीनमुळे नाही.

परवा घरी जाऊन आईला फोन केला, तर म्हणते, दुपारी तुझ्या ऑफिसात फोन केला होता गं, तुझा मोबाइल लागेना. चाळीस मिनिटं ते तुमचं गाणं ऐकलं, मग कुणी बाई बोलल्या. काय सभ्य बाई, तुझ्यासारखी तुसडी नाही. मी हसले. काम काय होतं विचारलं, तर म्हणे, काही नाही, सहज. झालं — मीही आपली झोपले, अगदी मेल्यासारखी.

आणि आज सकाळी सुपरवायझरबाईंनी सगळ्यांना एक कॉल ऐकवला — आदर्श कॉल म्हणे, दहापैकी दहा, मिनिटाच्या आत संपवलेला — नव्या मुलींना शिकवायला. माझाच. मी ‘नमस्कार’ म्हणते, पलीकडून आवाज येतो, “हॅलो, अगं —” आणि मी म्हणते, “आपला पार्सल नंबर सांगा.” मग ती म्हणते, “अहो बाई, एक निरोप होता. माझी मुलगी तिथेच असते. तिच्या बाबांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, शुक्रवारची, एवढं सांगाल?” आणि मी — मी काय म्हणते? “निरोपाची सोय नाही. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम.

मला त्यातलं अक्षर आठवत नाही. आईचा आवाज, आणि मला कळू नये? तिला कळलं होतं. आधी ‘अगं’ म्हणाली ना ती — आणि मग पोटच्या पोरीला ‘अहो’. वर संध्याकाळी माझंच कौतुक मला ऐकवलं. मला वाईट वाटू नये म्हणून, की वाटावं म्हणून? विचारायची छाती नाही होत.

शुक्रवार म्हणजे उद्या. सुपरवायझरबाई म्हणाल्या, रजेचं सोमवारनंतर बघू, पण कॉल छान होता. तशीच निघून गेले तर नोकरी जाईल, आणि बाबांचा दवाखान्याचा विमा याच नोकरीवर आहे — म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. तुम्ही दोन ओळी लिहून द्याल? तुमच्या फॉर्मवर तसा रकानाच नाही? — बरोबर आहे, तुम्ही तरी काय करणार.

मग तुमचा मोबाइल द्याल, एक मिनिट? आईशी बोलते फक्त. आत्ताच्या आत्ता. हो, दाबते नंबर. नऊ, आठ — थांबा. नऊ, आठ, दोन — नाही, तीन. सकाळपासून पन्नास पार्सलांचे बारा-बारा आकडे तोंडपाठ आहेत, मॅडम, एकूण एक सांगते. आईचा —

तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. नुसतं ‘आई’ लिहिलेलं.

घ्या, ठेवा तुमचा. दहा मिनिटं झाली. पुढचीला पाठवते.