रात्रीची कूस

लेक : बाबा, तुम्ही बाहेर बसा. आईचं ड्रेसिंग मी करते.

बाबा : मोठ्याने बोल.

लेक : बघवणार नाही म्हटलं तुम्हाला! जखम हाडापर्यंत गेलीय. नर्सबाई म्हणाल्या, उद्या दवाखान्यातच हलवा.

आई : ओरडू नकोस गं त्यांच्यावर.

लेक : ओरडल्याशिवाय ऐकू येतं का त्यांना? जन्मभर प्रेस मशीनपाशी उभं राहून कानांची वाट लावून घेतलीय. मला एक कळत नाही, तू दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहेस, पाठीवर ओरखडा नव्हता. आणि महिन्याभरात हे? गादी तीच, दिवसाची बाई तीच.

बाबा : गादीचा दोष नाही. मी उठायचो ना रात्री.

लेक : लघवीला.

बाबा : तासातासाला. थेंबथेंब व्हायची, जीव नकोसा व्हायचा. उठलोच आहे, तर येताना हिची कूस बदलायचो. एकदा भिंतीकडे, एकदा खिडकीकडे.

लेक : कधी बोलला नाहीत!

बाबा : त्यात काय बोलायचं? त्यावरच हिची पाठ टिकलीय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

लेक : आणि मी हात धुऊन मागे लागले तुमच्या. प्रोस्टेट आता लेझरने काढतात, टाका नाही, काही नाही, दुसऱ्या दिवशी घरी...

बाबा : डॉक्टरांनी काम चोख केलं गं. महिना झाला, पडलो की थेट सकाळच. नळ दुरुस्त झाला आणि घर बुडालं.

लेक : गजर तरी लावायचा.

बाबा : जखम दिसल्यापासून लावतोय. वाजतो म्हणे.

लेक : माझी रात्रपाळी नसती तर... आई, तू हाक का नाही मारलीस?

आई : मारली पहिल्या रात्री. आवाज कुठे उरलाय माझ्यात? नंतर नाही मारली.

लेक : का पण?

आई : घोरत होते गं. किती वर्षांनी! ऐकत पडून राहिले. पाठीची आग होत होती, पण बरं वाटत होतं.

बाबा : काय म्हणतेय ती?

लेक : काही नाही, बाबा.

बाबा : तो पाण्याचा मोठा जग भरून ठेव माझ्या उशाशी.

लेक : आता कशाला?

बाबा : झोपताना सगळा पिणार. बघतो कशी जाग येत नाही ते.

लेक : बाबा, उद्या सकाळी तिला नेतायत.

बाबा : आजची रात्र आहे ना ती घरी? भर.