उलटी धरून पाहिलेली पेटी

सकाळी सहा वाजता बसच्या डिकीत सामान चढवायला सुरुवात झाली. रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी भली मोठी पेटी धरून उभे होते.

“काय आहे यात, काका?” हमालाने विचारलं.

“सैन्य. टेबलावर मांडून खेळायच्या लढाईचं. उद्या हिची स्पर्धा आहे. पेटीवर काढलेला बाण तेवढा वरच्या दिशेला राहू द्या.”

“बाबा, प्रत्येक सैनिकाच्या पायाखाली चुंबक आहे आणि तळाला लोखंडी पत्रा. कशाला घाबरता?”

“चुंबकं मी चिकटवलीत, म्हणून. हात बघतेस ना माझे, कसे थरथरतात ते.”

“मी घरी पेटी उलटी धरून पाहिली. एकही पडला नाही.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर धरू दिली असती?”

“रंग उडाला तर मला आता पुन्हा रंगवता यायचे नाहीत.”

“मी रंगवीन.”

“तुझे घोडे गाढवांसारखे दिसतात.”

“त्याच गाढवांनी मागे तुम्हाला हरवलं होतं.”

हमालाने पेटी आडवी केली आणि दोन बॅगांच्या मधे सारली.

“आत काहीतरी खडखडलं.”

“रंगाच्या बाटल्या असतील, बाबा.”

“बाटल्या तुझ्या पाठीवरच्या पिशवीत आहेत.”

हमालाने डिकीचं झाकण लावलं.