गाठ येते, गाठ पडते

सून : आई, तुमच्या ग्रुपवर या काजवाल्या बाई तुम्हाला मशीनला तेल घाला म्हणून का सांगतायत?

सासू : फुकटचा सल्ला द्यायला काय जातंय? तू पुढे वाच. माझी तुरपाई अर्धवट आहे. तो बँकेतला लंबूटांग येईल आता पँट न्यायला.

सून : पडदेवाली म्हणते, 'बॉबिन उलटी बसली असेल, काढून परत बसव.' उशीवाली म्हणते, 'दोऱ्याचा ताण सैल कर, डाव्या बाजूची गाठ आपोआप सुटेल.' खाली हसरे चेहरे, फुगे, काय काय. आपलं मशीन बिघडलंय का?

सासू : मशीनला काय धाड भरलीय? तुझ्या नवऱ्याहून जुनं आहे आणि त्याच्याहून कमी कुरकुरतं.

सून : मग हे सगळं कशावरून? तुम्ही ग्रुपवर लिहिलंत तरी काय?

सासू : काय लिहिणार? सुट्टीच्या शुभेच्छा. सुट्टी आली की सगळेच लिहितात आमच्या 'सुईदोऱ्या'वर.

सून : ते माहितीये. गेल्या वर्षी पडदेवालीनं कुठलं तरी आयतं फुलांचं चित्र पुढे ढकललं, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून बिचारीला सळो की पळो केलं होतं.

सासू : मग? आमच्याकडे उसनं चालत नाही. दोन ओळी लिही, पण तुझ्या मनातल्या लिही. आणि शेवटी 'गाठ मारली' म्हण, म्हणजे शिवण पुरी झाली, बोलणं संपलं. एवढं सोपं आहे. शुभेच्छा द्यायच्या तर त्या आपल्या हातच्या नकोत?

सून : तुमच्या कुठे आहेत? वर सरकवून बघते.

सासू : बघ की. मी काय पदराखाली झाकून ठेवल्यात?

सून : हं, सापडल्या. 'माझ्या सगळ्या सुईदोऱ्याला सुट्टीच्या मनापासून शुभेच्छा. कुणाची सुई मोडू नये, कुणाचं माणूस लांब राहू नये. यंदा माझी गाठ मारायची राहिली, कारण गाठ आधीच आली आहे. डाव्या बाजूला. सांभाळून घ्या.' ... आई.

सासू : काय?

सून : 'आली आहे' असं का लिहिलंत?

सासू : लिहिलं असेल. छापखान्यात प्रुफं तपासतेस ती तिकडे तपास. सासूच्या चुका काढायला पगार नाही मिळत.

सून : ही चूक नाहीये. दोऱ्यात गाठ पडते. नाहीतर बसते. दोऱ्यात गाठ 'येत' नाही, आई.

सासू : बोलू नकोस गं मध्ये मध्ये. टोचली बघ सुई.

सून : गाठ अंगाला येते.

सासू : रक्त लागेल त्या पँटला. जरा ते फडकं दे इकडे.

सून : आई, माझ्याकडे बघा. कुठे आहे?

सासू : त्या बरणीशेजारी बघ, बटणांच्या.

सून : मी फडक्याचं विचारत नाहीये!

सासू : ओरडू नकोस. शटर अर्धं उघडं आहे. शेजारचा औषधवाला कान देऊन बसलेला असतो.

सून : कुठे आहे?

सासू : लिहिलंय ना. डाव्या बाजूला. काखेच्या जरा खाली.

सून : कधीपासून?

सासू : शाळेच्या गणवेशांची गर्दी होती बघ, तेव्हा.

सून : गणवेश? अहो, त्या गणवेशांच्या कोपरांना आता ठिगळं लावायला आणतायत पोरं!

सासू : आणतायत खरी.

सून : आणि तुम्ही गप्प?

सासू : आधी मला वाटलं, कपड्यातच आहे. नवीन कपडा बेतायचा म्हणून माझं मीच माप घेत होते. फितीखाली काहीतरी लागलं. म्हटलं, आतल्या शिवणीची गाठ असेल, दोरा जाड वापरला होता. तिथेच, पडद्यामागे, कपडा काढला आणि उलटा करून बघितला. सगळी शिवण बोटानं चाचपली.

सून : मग?

सासू : कपड्यात काही नव्हतं.

सून : म्हणजे तुमच्या अंगातच.

सासू : अशी बघू नकोस गं माझ्याकडे. म्हणून तर सांगितलं नाही. तुम्ही सगळे असेच बघायला लागाल.

सून : आम्हाला नाही सांगितलंत, आणि ज्यांची तोंडंसुद्धा पाहिली नाहीत त्यांना सांगितलंत? सगळ्या ग्रुपला?

सासू : त्यांचं तोंड बघावं लागत नाही, म्हणूनच. काल लिहायला बसले. नेहमीचं लिहिलं, सुया मोडू नयेत वगैरे. मग 'गाठ मारली' लिहायला गेले आणि बोट उचलेना. ते शब्दच नको वाटले. मग जे आलं ते लिहून टाकलं. म्हटलं, एवढे लोक आहेत, कुणाला तरी कळेल.

सून : आणि त्यांनी तेल घाला म्हणून सांगितलं.

सासू : रात्रभर फोन वाजत होता. दर वेळी वाटायचं, आता कुणीतरी विचारेल. तर एकीनं लिहिलं, 'घट्ट असेल तर कात्रीनं उडवून टाक.' हसूच आलं मला. हसता हसता उशीत तोंड खुपसलं.

सून : मला वाचायला का दिलात फोन?

सासू : चष्मा नव्हता.

सून : चष्मा तुमच्या नाकावर आहे, आई.

सासू : असेल.

सून : चला. उठा.

सासू : कुठे?

सून : कोपऱ्यावर, डॉक्टरीणबाईंकडे. त्यांचा दवाखाना संध्याकाळी बंद होतोय, पाटी लावलीय दारावर. मग सगळी सुट्टी उलटेपर्यंत कुणी भेटणार नाही.

सासू : बरंच आहे की. सुट्टी तरी सुखात जाईल. पोरगा एवढ्या लांबून गाडी चालवत येतोय, त्याच्या ताटात हे वाढू?

सून : त्याला आत्ता काहीच सांगायचं नाही. तो आधी घरी पोचू दे.

सासू : सुट्टीनंतर जाऊ. शब्द देते.

सून : तुमचा शब्द मला माहितीये. माझा ड्रेस तुम्ही 'परवा' देणार होतात. माझं लग्न होऊन किती वर्षं झाली?

सासू : घरच्यांचं काम मागेच पडतं गं.

सून : तेच सांगतेय मी!

सासू : अगं, मला भीती वाटते. सरळ सांगते, भीती वाटते. ह्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा आत जाताना ह्यांनी चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या. म्हणाले, धर, आलोच. मी त्या चपलाच घेऊन घरी आले. तू नव्हतीस तेव्हा. तुला नाही कळायचं.

सून : मला पण भीती वाटतेय. तरी चला.

सासू : फोन वाजतोय. बघ, पोराचा असेल.

सून : नाही. रफूवाले काका असं आलंय.

सासू : ते? ते कधी फोन करत नाहीत. आमचं कधी बोलणंच नाही झालेलं. लिहितात तेसुद्धा दोन शब्द. राहू दे, उचलू नकोस.

सून : उचलला. स्पीकरवर टाकते. हॅलो?

काका : हॅलो. शिवणताई आहेत का? मी... आपलं ते... रफूवाला बोलतोय. ग्रुपवरचा.

सासू : बोला काका, मीच. तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं.

काका : कसा वाटला होता?

सासू : बारीक. रफू इतकं बारीक करता ना.

काका : हं. ताई, एक विचारू? मशीन ठीक आहे ना?

सासू : ठीक आहे.

काका : मला वाटलंच. सकाळपासून फोन हातात घेतोय आणि ठेवतोय. ग्रुपवर लिहावंसं वाटेना, चारचौघांत कशाला. ताई, आमच्या हिला आली होती. तीही कुणाला बोलली नाही. लपवून ठेवली.

सासू : मग?

काका : वाईट निघाली. खोटं नाही सांगत.

सासू : ऐकलंस? मी म्हटलं नव्हतं? ठेव तो फोन.

काका : थांबा, थांबा ताई. ती आहे. ही काय, समोर बसलीय. मी नीट बोलतोय की नाही ते बघतेय. फार हाल झाले, केस गेले, चिडचिडी झाली. ती आधीपासूनच होती म्हणा. हे बघा, खुणेनं मला गप्प करतेय. पण आहे.

सासू : आहे?

काका : आहे हो. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर इतके हाल झाले नसते. बाकी मला कळत नाही. तुमची कसली आहे ते मला काय ठाऊक? साधीसुद्धा असेल. काही होणार नाही, असं मी म्हणणार नाही. तसलं आयतं आपल्याकडे चालत नाही ना?

सासू : नाही चालत.

काका : मग माझ्या हातच्या एवढ्याच शुभेच्छा. रफू करताना भोक लहान असेल तर माझं काम सोपं होतं. आज जा, ताई. आज जा. मी फोनपाशी बसून राहतो. हीसुद्धा बसेल.

सासू : बरं.

काका : जाल ना?

सासू : ही सोडतेय कुठे? दाराशी उभी आहे, पर्स अडकवून.

काका : देव तिचं भलं करो. ठेवतो.

सून : चला, आई. पँट इकडे द्या, औषधवाल्याकडे ठेवते. नाहीतरी ऐकत बसलाय तो, जरा कामाला लावू.

सासू : तुरपाई राहिलीय एका पायाची.

सून : लंबूटांगाला एक पाय लांब राहिला तर काही बिघडत नाही.

सासू : दोरा तोडू नकोस तिचा. सुई तशीच खोचून ठेव. आल्यावर करते.

(थोड्या वेळानं, दवाखान्यातल्या बाकावर.)

सून : काय म्हणाल्या आत?

सासू : बोलल्या काही नाहीत. हात गार होते त्यांचे. चाचपलं, परत चाचपलं. मग म्हणाल्या, मशीनवर बघू. मी म्हटलं, बॉबिन उलटी नाही ना बसली?

सून : हसल्या?

सासू : त्यांना काय कळणार? मीच हसले. तू हात सोडू नकोस.

सून : नाही सोडत. फोन भरून गेलाय तुमचा. काकांनी काही सांगितलं नाही, पण काजवाल्या बाईंना कळलं वाटतं. लिहिलंय, 'ताई, ती गाठ मशीनची नाही का गं? मी मूर्ख. तेल घाल म्हणाले. माफ कर.' आणि मग बाकीचे सगळे. उशीवाली म्हणते, मी रडतेय.

सासू : लिही त्यांना. लिही, रागावले नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही तेलच घाल म्हटलं असतं. लिही, तपासायला आलेय. लिही की घाबरलेय, आणि सून जवळ बसलीय. सगळ्यांची सुट्टी चांगली जाऊ दे. माझीही.

सून : लिहिलं. शेवटी 'गाठ मारली' लिहू?

सासू : नको. दोरा तसाच राहू दे.

सून : बोलावलं बघा. मशीनची खोली ती समोरची, चपला बाहेर काढायच्या आहेत. द्या, मी धरते.

सासू : नको गं. हातात घेऊ नकोस. तिथेच दाराशी राहू दे, मला बाहेर आल्यावर घालायच्यात.